खान्देशातील जिनिंग मालकांना खुले पत्र : ओला कापूस तुमच्या काट्यानेच शिकवला

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील जिनिंग-प्रेसिंग कारखानदार व कापूस खरेदीदार

स.न.वि.वि.

दिवाळी झाली की तुमच्याकडून एक तक्रार दरवर्षी ऐकू येते. शेतकरी पहिल्यासारखा राहिला नाही, कापूस ओला आणतो, पाला आणि कवडी, म्हणजे डागलेला खराब कापूस, मिसळतो. मेळाव्यात हे भाषणात येतं, गेटवर गाडी खाली होताना तोंडावर येतं. मी अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठी सहा एकर कापूस करते. आमच्या घरची वेचणी तेवीस वर्षं माझ्याकडे आहे. बाया जमवणं, झोळ्या देणं, संध्याकाळी काटा धरणं, वहीत वजन मांडणं, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पैसे वाटणं, सगळं मीच करते.

तुमची तक्रार खोटी नाही. कापूस ओला असतो, त्यात पाला असतो, हे मी नाकारत नाही. पण तो तुमच्या दारात दुपारी चारला येतो. तो तसा कसा होतो ते मला सकाळी सातला शेतात दिसतं. ते तुम्हाला सांगावं म्हणून हे पत्र.

कार्तिकात आमच्याकडे दव चांगलं पडतं. बाया उजाडताच शेतात हजर असतात. मी कितीदा म्हटलं असेल, जरा ऊन येऊ द्या, दव सुकू द्या. त्यांच्यातली सगळ्यात जुनी वेचणारी मला एकदा म्हणाली, "ताई, ऊन चढनं का वजन उतरस." तिचा हिशेब चोख होता. वेचणी किलोवर असते, आमच्याकडे किलोला दहा रुपये. कोरड्यात तीस किलो भरणारा कापूस दवात वेचला की बत्तीस किलो भरतो. दोन किलोचे वीस रुपये. हंगामाचे साठ दिवस धरले तर बाराशे रुपये होतात, आणि ज्या घरात वर्षभराची रोकड या साठ दिवसांतूनच येते तिथे बाराशे रुपये म्हणजे पोराचे कपडे आणि वह्या. कवडीचंही असंच. बोंडअळीने डागलेली, नीट न उमललेली बोंडं वेगळ्या पिशवीत टाकायची तर हात दोनदा जातो. हात दोनदा गेला की दिवसाचे चार किलो कमी भरतात. तिने वेगळी का टाकावी? मी तिला वजनाचे पैसे देते, म्हणून ती मला वजन देते.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. दव असताना पाला मऊ असतो, चुरडत नाही. उन्हात तोच पाला कुरकुरीत होऊन रुईला, म्हणजे सरकीवरच्या धाग्याला, चिकटतो. सकाळी लवकर वेचण्यात सगळा लबाडीचाच भाग आहे असं समजू नका.

आता माझा हिशेब. शंभर किलो कापसात आठ टक्के ओल असेल तर कोरडा माल ९२ किलो. तोच ९२ किलो माल बारा टक्के ओलीत तोलला तर काटा साडेचार किलो जास्त दाखवतो. भाव सात हजार धरला तर क्विंटलमागे ३१५ रुपये पाण्याचे. वीस क्विंटल कापूस असलेल्या घरात हे सहा हजार तीनशे रुपये होतात. पाणी शिंपडायचीही गरज नसते. दवात वेचायचं, सावलीत ढीग घालायचा, वाळवायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी गाडी भरायची. या सगळ्यात मी काहीच केलेलं नसतं. फक्त वाळवण्याची मेहनत टाळलेली असते, आणि ती टाळल्याबद्दल तुमचा काटा मला पैसे मोजतो.

चार वर्षांपूर्वी मी एकदा उलटं करून पाहिलं. सुती चादरी फाडून झोळ्या शिवल्या. वेचणी साडेनऊला सुरू केली आणि बायांचं नुकसान होऊ नये म्हणून किलोला दोन रुपये वाढवून दिले. कवडीला वेगळी पिशवी. आणलेला कापूस दोन दोन दिवस गच्चीवर पसरून वाळवला, मग घरात भरला. ज्यांच्या घरात कापूस भरलेला असतो त्यांनाच माहीत, अंगाला किती खाज सुटते ते. मुलं महिनाभर ओसरीवर झोपली. बावीस क्विंटल कापूस झाला. सरकी दाताखाली धरली की कट्ट आवाज यायचा. तो घेऊन मी एका जिनवर गेले. नाव सांगत नाही, कारण दुसरीकडे गेले असते तरी तेच झालं असतं असं मला वाटतं. तिथल्या माणसाने ढिगात हात घातला, मूठभर कापूस वर काढला, उजेडात धरला आणि म्हणाला, "माल एक नंबर आहे." आणि भाव सांगितला तोच, जो माझ्या पुढच्या ट्रॅक्टरला दिला होता. त्या ट्रॅक्टरमधल्या कापसात मी स्वतः हात घालून पाहिला होता. तळहात ओला झाला होता.

वेचणीचे जादा चार हजार चारशे गेले. वाळवल्यामुळे साधारण एक क्विंटल वजन कमी भरलं, त्याचे सात हजार गेले. चांगला कापूस आणल्याची किंमत मला अकरा हजारांच्या वर पडली. पुढच्या वर्षी वेचणी पुन्हा सातला सुरू झाली. तो निर्णय माझाच होता. मुलगी तेव्हा जळगावला कॉलेजात जायला लागली होती, अकरा हजार सोडण्यासारखी परिस्थिती नव्हती. पण ज्या बाया वर्षभर सुती झोळीत स्वच्छ कापूस वेचायला शिकल्या होत्या, त्यांना "आता राहू द्या" म्हणताना मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

हा प्रकार मी मुलीला सांगितला तेव्हा ती म्हणाली, यावर तर नोबेल मिळालंय. जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. घेणाऱ्याला चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नसेल तर तो सगळ्यांना सरासरी भाव देतो. सरासरी भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. मग सरासरी आणखी खाली येते, आणि भावही. २००१ साली त्यांना नोबेल मिळालं त्यामागे हेच काम होतं. त्याच लेखात आपल्या देशातल्या बाजाराचाही उल्लेख आहे. इथल्या गृहिणींना तांदळातून त्याच रंगा-आकाराचे, मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसावं लागतं, असं त्यांनी लिहिलंय. ते वाचून मला आमची खेडा खरेदी, म्हणजे व्यापारी गावात येऊन करतो ती खरेदी, आठवली. ओलीचा अंदाज धरून व्यापारी प्रत्येकाच्या क्विंटलमागे किलो-दोन किलो आधीच कापतो. ओला असो की कोरडा, कापणं सारखंच. ज्याचं कापलं जाणारच आहे त्याने कोरडा का आणावा? तो ओला आणतो. मग व्यापारी म्हणतो, बघा, मी कापतो ते बरोबरच आहे.

तुम्ही म्हणाल, ही माणसाची वृत्ती आहे, कायद्यानेच सुधारेल. कायदा करून झालेला आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईत भाव भडकले, खान्देशातला कापूसही सोन्यासारखा विकला जाऊ लागला. वजन वाढवण्यासाठी त्यात काय काय मिसळलं जाऊ लागलं, आणि १८६३ साली मुंबई सरकारला कापसातल्या फसवणुकीविरुद्ध खास कायदा करावा लागला. त्याला एकशे साठ वर्षं होऊन गेली. त्या काळचे तपासनीस गेले, शिक्षेची कलमं गेली, सरकी वेगळी करायची यंत्रं कितीदा बदलली. शेतकऱ्याच्या कापसाला नुसत्या वजनावर पैसे देण्याची पद्धत तेवढी तशीच राहिली.

भाव माणसाला कुठे नेतो हे आपल्या सीमेवरच्या लोकांना तरी वेगळं सांगायला नको. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती. कापूस फक्त सरकारी योजनेलाच विकायचा. बाहेरचा भाव चढला की इथला कापूस रात्री मध्य प्रदेशात सेंधव्याकडे आणि गुजरातकडे जायचा. बाहेरचा भाव पडला की तिकडचा कापूस इकडे यायचा. नाके होते, पकडापकडी होती. गाड्या भावाच्या बाजूने चालत राहिल्या. रात्री गाडी हाकणारे तेच शेतकरी होते, जे दिवसा ग्रामसभेत बसायचे.

याच्या उलटही आपल्याच जिल्ह्यांत घडतं. नंदुरबारच्या बाजार समितीत लाल मिरची ओलीच येते. ती ओली म्हणून विकली जाते, कोरड्या मिरचीचा भाव वेगळा असतो, आणि व्यापारी ती पथारीवर पसरून वाळवतात. ओल उघड आहे आणि तिची किंमत ठरलेली आहे. त्यामुळे ओल्या मिरचीवरून कुणी कुणाला लबाड म्हणत नाही. गावातल्या डेअरीचं उदाहरण तर त्याहून जवळचं. दूध नुसतं लिटरवर मोजलं जायचं तेव्हा पाणी घालण्याच्या गोष्टी घरोघरी होत्या. फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे दुधातल्या स्निग्धांश सोडून इतर घन भागावर, भाव सुरू झाला, संकलन केंद्रात मशीन आलं, आकडा समोर दिसू लागला. पाण्याने फॅट पडतं, पैसे कमी होतात, हे पोराटोरांना कळलं. आज आमच्या गल्लीत बायका म्हशीला सरकी पेंड किती घातली तर फॅट किती चढतं याची चर्चा करतात. ती पेंड तुमच्याच जिनमधून निघालेल्या सरकीची असते. गाव तेच, घरं तीच. मोजायची गोष्ट बदलली, तशी सकाळी डोक्यात येणारी गोष्ट बदलली.

कापसातही हे होऊ शकतं याचा पुरावा आमच्या गच्चीवर आहे. सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं सरकारी महामंडळ, त्याच्या केंद्रावर ओल मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे बारापर्यंत त्या प्रमाणात कपात, बाराच्या वर माल परत. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. ज्या शेतकऱ्याला तिथे जायचं असतं तो ताडपत्रीवर कापूस वाळवतो, दिवसातून दोनदा उलटतो, रात्री झाकतो. त्याच शेतकऱ्याला पैशाची घाई असली, गव्हाचं बियाणं आणि मजुरी डोक्यावर असली, तर तो दारात आलेल्या व्यापाऱ्याला तसाच ओला माल देतो. एकाच माणसाच्या घरात दोन ढीग आणि दोन रीती, हे मी पाहिलं आहे.

तुमच्या गेटवर मात्र कोरडेपणाला किंमत नाही.  तिथे आठच्या खाली ओल असेल तरी एक रुपयाही जादा मिळत नाही. फाल्गुनात आमच्या उन्हात कापूस पाच-सहा टक्क्यांवर येतो. तेव्हा जो कोरडा विकतो तो दोन-तीन टक्के माल फुकट देतो. मग आठपर्यंत आणण्यासाठी कुणी ढिगावर पाण्याचा हलका हात फिरवला तर त्याला काय म्हणायचं?

ओलीपेक्षा मोठी गोष्ट रुईच्या उताऱ्याची, म्हणजे कापसातून किती रुई निघते त्याची आहे, आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. तुमचं पोट रुईवर चालतं, आमच्या कापसाच्या वजनावर नाही. एका क्विंटलमधून कुणाची ३३ किलो रुई निघते, कुणाची ३६. रुईचा भाव खंडीवर असतो, खंडी ३५६ किलोची. तिचा भाव ५४ हजार धरला तर रुई किलोला साधारण दीडशे रुपये पडते. तीन किलो जादा रुईचे साडेचारशे, त्यातून तेवढ्या सरकीचे शंभरेक वजा केले तरी क्विंटलमागे साडेतीनशे रुपये उरतात. हे पैसे ज्याने चांगलं वाण निवडलं त्याला मिळत नाहीत. त्याला ते आहेत हेच कळत नाही. म्हणून मे महिन्यात आम्ही कृषी केंद्रावर बियाण्याचं पाकीट घेतो तेव्हा काय विचारतो? बोंड किती वजनाचं, वेचायला सोपं आहे का. उतारा किती, धागा किती लांब, हे विचारणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही. मीही विचारलेलं नाही. ज्याचा मोबदला नाही तो प्रश्न तोंडात येत नाही. कंपन्याही पाकिटावर मोठ्या बोंडाचंच चित्र छापतात, कारण त्यांनाही त्यावरच गिऱ्हाईक मिळतं. आणि मग सूतगिरण्या म्हणतात, रुईत दम नाही.

तुमच्या गेटच्या पुढे मात्र सगळं मोजलं जातं. गाठ सूतगिरणीकडे निघाली की लांबी, मजबुती, मायक्रोनेअर (धागा किती बारीक ते), कचरा, ओल, सगळ्याचे आकडे यंत्रातून येतात आणि त्यावर तुमचे पैसे ठरतात. कमी भरलं की तुमचं बिल कापलं जातं, हेही मला ठाऊक आहे. गेटच्या आतल्या रुईला प्रयोगशाळा आहे आणि बाहेरच्या कापसाला एका माणसाची मूठ. शेतकरी मात्र गेटच्या बाहेरच उभा असतो, आणि दर्जा ठरतो त्याच्याच शेतात.

प्लास्टिकचंही इथेच सांगते. वेचणीला आमच्याकडे खताच्या रिकाम्या गोण्या वापरतात, कारण त्या फुकट असतात. गोणीचा एक दोरा रुईत गेला की तो पुढे सुतात जातो, रंग घेत नाही, कापडावर पांढरी रेघ उमटते. जगभरच्या गिरण्यांकडून होणाऱ्या पाहण्यांत भारतीय कापूस अशा भेसळीसाठी बदनाम आहे. २००० सालच्या कापूस तंत्रज्ञान अभियानाने जिनिंगची यंत्रं सुधारली, आता कस्तुरी या नावाने भारतीय रुईला ओळख देण्याचं काम चालू आहे. चांगलंच आहे. पण तो दोरा जिनमध्ये जन्मत नाही. तो माझ्या शेतात, मी दिलेल्या गोणीतून येतो. सुती झोळीचे पैसे मी घालायचे आणि तिचा फायदा गिरणीला मिळायचा, असं असेपर्यंत मी गोणीच देणार, आणि माझ्या शेजारचाही.

तुमची अडचण मी समजून घेतली आहे. एका जिन मालकांनी मला मोकळेपणाने सांगितलं होतं: मी मीटर लावून कपात सुरू केली तर ट्रॅक्टर शेजारच्या जिनमध्ये वळेल, आणि हंगामात यंत्र बंद ठेवणं मला परवडणार नाही. हे अगदी खरं आहे. जसं मी एकटीने साडेनऊला वेचून काही झालं नाही, तसं एकट्या जिनने कपात करून काही होणार नाही. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना मिळून लिहिलंय. तुमच्या संघटना आहेत, भाव रोज सकाळी तुमच्यात फोनवर ठरतोच. तसंच हेही ठरवा. आणि सुरुवात कपातीने करू नका, वाढीने करा. आठ टक्के हा पाया धरा. त्याखालच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का जादा, वरच्याला एक टक्का कमी. मीटर शेतकऱ्याच्या समोर, ढिगात चार ठिकाणी खुपसा, कारण बाहेर कोरडा आणि पोटात ओला ढीग घालणारेही आमच्यात आहेत. आकडा पावतीवर लिहा. जादा पैसे मिळतात ही बातमी एका आठवड्यात पारोळ्यापासून चोपड्यापर्यंत पोचेल, तुम्हाला जाहिरात करावी लागणार नाही. वाढ देणाऱ्या जिनकडून ट्रॅक्टर दुसरीकडे वळणार नाही.

उताऱ्याचं काम जरा हळू होईल. नमुना काढण्यापुरतं छोटं जिन यंत्र मिळतं, अर्ध्या किलोवर उतारा काढता येतो. सगळ्या गाड्यांचा नाही जमला तर पहिल्या वर्षी दिवसाला दहा गाड्यांचा काढा आणि शेतकऱ्याला नुसता आकडा सांगा. आधी भाव नका देऊ, आकडा द्या. ३३ आणि ३६ हे दोन आकडे पारावर आले की पुढच्या मे महिन्यात कृषी केंद्रावरचा प्रश्न आपोआप बदलेल.

यात एक अट माझी आहे. कोरड्या, स्वच्छ मालाचे जे जादा पैसे येतील त्यातले किलोला दोन रुपये वेचणाऱ्या बायांना पोचले पाहिजेत. ते पोचवणं आमचं काम आहे, तुमचं नाही, पण पावतीवर वाढ वेगळी लिहिलेली असेल तर मलाही ती लपवता येणार नाही. संध्याकाळी काट्याजवळ त्या बाया उभ्या असतात, त्यांच्यातल्या दोघींना वाचता येतं.

यंदा मी पुन्हा साडेनऊला वेचणी सुरू करणार आहे. निदान पहिली वेचणी तरी. झोळ्या अजून जपून ठेवल्या आहेत. अमळनेर-पारोळा रस्त्यावरच्या कुठल्याही दोन जिननी मिळून मीटर आणि वाढीचा भाव सुरू केला तर माझ्या बावीस क्विंटलची पहिली गाडी तिथे येईल. मूठ घालून पाहा, सरकी दाताखाली फोडून पाहा, आणि मग मीटर लावा.

कळावे,
आपली विश्वासू,
बोरीकाठची एक कापूस उत्पादक
तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव